झिरो-टर्न मोअर: पाच एकरांच्या आवारात सव्वा वर्ष वापरल्यानंतर

ज्यांचं आवार दोन एकरांहून मोठं आहे आणि जे यंदा झिरो-टर्न मोअर, म्हणजे बसून चालवायचं, जागच्या जागी वळणारं गवत कापायचं मशीन, घ्यायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय. दुकानात गेलं की पाटीवर दोन आकडे ठळक दिसतात: डेक (खालचा, पात्यांचा कापणारा भाग) किती इंची आणि इंजिन किती हॉर्सपॉवरचं. सव्वा वर्ष मशीन चालवल्यावर माझं ठाम मत झालंय, की हे दोन आकडे सगळ्यात शेवटी बघावेत. आधी आपली जमीन बघावी, मग हायड्रो, म्हणजे तेलाच्या दाबावर चाकं फिरवणारी यंत्रणा, मग सीट, आणि मग दुरुस्ती करणारं दुकान किती लांब आहे ते.

आमचं घर अमेरिकेतल्या ओहायोत, कोलंबसच्या उत्तरेला, वस्तीपासून जरा बाहेर. जमीन पाच एकरांच्या किंचित वर. (इकडच्या ग्रामीण भागात ५.०१ एकरांचे तुकडे बरेच दिसतात. पाच एकरांहून लहान तुकडे पाडायचे तर राज्याचे प्लॉटिंगचे नियम लागू होतात, म्हणून विकणारे पाचच्या जरा पुढे जाऊन थांबतात.) घर, ड्राइव्हवे, झाडी आणि मागचा पाणथळ कोपरा सोडला तर साडेतीन एकर गवत उरतं. माती चिकण, गवत टॉल फेस्क्यू आणि केंटकी ब्लूग्रासचं मिश्र. एप्रिलच्या मध्यापासून जूनपर्यंत ते असं वाढतं की एक आठवडा चुकला तर पुढच्या खेपेला मशीन अर्ध्या वेगानं चालवावं लागतं. एका वेळी गवताच्या पात्याच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नये हा नियम पाळायचा आणि उंची साडेतीन इंचांवर ठेवायची, तर वसंतात आठवड्यातून एकदा तरी कापावंच लागतं.

आधी आमच्याकडे ४२ इंची लॉन ट्रॅक्टर होता. वेळेचं गणित सोपं आहे. ताशी मैलांतला वेग गुणिले डेकची इंचांतली रुंदी, भागिले ९९, म्हणजे एका तासात किती एकर ते निघतं. वळणं आणि एकावर एक येणारे पट्टे धरून त्यातले वीस टक्के कमी करायचे. ताशी ४ मैलांनी ४२ इंची डेक म्हणजे तासाला जेमतेम १.३५ एकर, ताशी ६ मैलांनी ५४ इंची डेक म्हणजे २.६ एकर. कागदावर वेळ निम्मा होतो. प्रत्यक्षात त्याहून जास्त वाचतो, कारण आमच्याकडे झाडं पुष्कळ आहेत. ट्रॅक्टरनं प्रत्येक झाडाला पुढे-मागे, पुढे-मागे करावं लागायचं. झिरो-टर्न झाडाभोवती एका वळणात फिरतं आणि ट्रिमरचं काम अगदी थोडं ठेवतं. ज्यांचं आवार मोकळं, चौकोनी आणि बिनझाडांचं आहे, त्यांना हा फरक एवढा जाणवणार नाही.

आता जमीन, आणि जमीन म्हणजे मुख्यतः उतार. झिरो-टर्नची पुढची चाकं मोकळी असतात, ती आपोआप फिरतात आणि दिशा देत नाहीत. वळणं, थांबणं, वेग धरणं, सगळं मागच्या दोन चाकांवर. प्रत्येक चाकाला स्वतंत्र हायड्रो आणि स्वतंत्र दांडा. बैलगाडीच्या कासऱ्यासारखं आहे हे: डावा ओढला की डावीकडे. सपाटीवर यासारखं सुख नाही. पण ओल्या उतारावर मागचे टायर घसरले की वळवणं आणि थांबवणं दोन्ही एकाच क्षणी हातातून जातं. लॉन ट्रॅक्टरला निदान पुढची चाकं वळवता येतात.

बहुतेक मशिनांच्या पुस्तिकेत १५ अंशांची मर्यादा दिलेली असते, काहींत १० अंशांची. ती डोळ्यांनी ठरवू नका. चार-पाच फुटी फळी गवतावर ठेवा, तिच्यावर फोन ठेवून त्यातलं लेव्हल उघडा आणि आकडा बघा. आमच्या घरामागचा उतार, जो मला बराच वाटायचा, तो ९ अंशांचा निघाला. रस्त्याकडेच्या चराची बाजू मात्र वीसच्या आसपास. तिथे मशीन कधीच जात नाही, तेवढा पट्टा आम्ही ट्रिमरनं कापतो. तळं, चर, दगडी बांध यांपासून मशीनच्या रुंदीच्या दुप्पट अंतर सोडायचं, आणि हे पुस्तिकेत लिहिलंय तसं काटेकोर पाळायचं. डोक्यामागची ती कमान, रोल बार, उभी असेल तर सीटचा पट्टा लावायचाच. फांद्यांखालून जाताना ती खाली पाडली असेल तर पट्टा लावायचा नाही, कारण मशीन उलटलं तर बाहेर फेकलं जाणं त्यातल्या त्यात बरं. उताराची जागा जास्त असेल तर स्टिअरिंग व्हील असलेलं झिरो-टर्न चालवून बघा. कब कॅडेट कंपनीच्या काही मॉडेलांत स्टिअरिंग पुढची चाकंही वळवतं, उतारावर त्याचा खरा उपयोग होतो. आणि आवारच डोंगराळ असेल तर झिरो-टर्न नकोच.

उताराइतकीच ओल महत्त्वाची. मशीन साधारण चारशे किलोंचं, वर माणूस. मागच्या उन्हाळ्यात सासरे सांगलीहून आले होते. आयुष्यभर उसाची शेती केलेला माणूस. पहिल्याच संध्याकाळी आवार फिरून आले आणि मागच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "इथं पाणी मुरत नाही बघ. चार दिवस कडक ऊन पडल्याबिगर यंत्र घालू नको." तोवर त्या कोपऱ्याच्या कडेनं दर वसंतात चाकांच्या चाऱ्या पडायच्या. आता सुमारे पाऊण एकराची ती जागा आम्ही तशीच वाढू देतो आणि वर्षातून एकदा शरदाच्या शेवटी भाड्याच्या मशीननं कापून घेतो. सेप्टिक टँकचं पाणी जिथे जमिनीत मुरतं त्या लीच फील्डवरूनही पाऊस पडून गेल्यावर जाऊ नये. ती माती दाबली गेली तर पाणी मुरायचं थांबतं, आणि ती दुरुस्ती मोअरहून महाग पडते.

हायड्रोबद्दल दुकानात फार कमी बोलतात, म्हणून इथे जरा लांबण लावते. चार हजार डॉलरच्या आतल्या मशिनांत सहसा हायड्रो-गिअर कंपनीची ईझेडटी किंवा तशीच बंदिस्त जोडी असते. पंप, मोटर, सगळं एका डब्यात, आणि वेगळा फिल्टर नाही. सपाट एक-दीड एकराला ती पुरते. रोजच्या चढ-उताराला, उन्हात दोन-दोन तास चालवायला ती तापते आणि तेल पातळ होऊन मशीन चढावर दमतं. मी घेतलेल्या मशीनमध्ये झेडटी-२८०० ही हायड्रो आहे. तिला बदलता येणारा फिल्टर आहे. पहिल्या ७५ तासांनंतर तेल आणि फिल्टर बदलायचा, पुढे दर ४०० तासांनी, आणि घरगुती वापरात ४०० तास म्हणजे कित्येक वर्षं. इंजिन कावासाकी एफआर, डेक जाड पत्रा जोडून बनवलेला, १० गेजचा, म्हणजे सुमारे ३.४ मिलिमीटर. किंमत सहा हजार डॉलरच्या घरात. याच जोडणीची मशिनं अनेक कंपन्या आपापला रंग देऊन विकतात, म्हणून कंपनीपेक्षा ही जोडणी लक्षात ठेवा.

डेक ५४ इंची की ६०? आमच्या जमिनीत उंचवटे आहेत. रुंद डेक उंचवट्यावर टेकला की गवत मुळापर्यंत सोललं जातं. म्हणून ५४ घेतला आणि त्याचं समाधान आहे. कुंपणाचं फाटक मोजायला मात्र विसरू नका, डेकची गवत बाहेर फेकणारी बाजू धरून.

सीटबद्दल बायकांसाठी खास लिहिते, कारण हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. सीटखाली एक स्विच असतो. चालक उठला की इंजिन बंद व्हावं म्हणून. वजन कमी असेल तर खड्ड्यातून जाताना क्षणभर उचललं जायला होतं आणि इंजिन फुरफुरतं, कधी बंदच पडतं. उपाय तो स्विच काढून टाकणं हा नव्हे, तो जीव वाचवणारा आहे. वजनाप्रमाणे घट्ट-सैल करता येणारी सस्पेन्शनची सीट घ्यावी. मी ती बसवून घेतली, तेव्हापासून हा त्रास गेला आणि पाठही दुखत नाही. दांड्यांची उंची आणि अंतरही आपल्या हाताला जुळवून घ्या; दुकानात पाच मिनिटांचं काम आहे.

वापरातली सवय एकच लावावी लागते. जागच्या जागी गर्रकन फिरवलं की आतलं चाक गवत पिळून काढतं, आणि तिथे मातीचा गोल उरतो. दोन्ही चाकं थोडी तरी फिरती ठेवून, गरज पडली तर मागे घेऊन तीन टप्प्यांत वळायचं. पहिले काही आठवडे वेग निम्माच ठेवा.

तक्रारीची गोष्ट म्हणजे पहिल्याच उन्हाळ्यात डेकच्या एका स्पिंडलचं (पातं ज्यावर फिरतं त्या आसाचं) बेअरिंग घरघरायला लागलं. वॉरंटीत बदलून मिळालं, पण खरी किंमत वेळेची असते. मे महिन्यात गवत थांबत नाही. आमचं दुकान वीस मिनिटांवर आहे, त्यांनी मशीन घरून उचलून नेलं आणि आठवड्याच्या आत परत आणून दिलं. मोठ्या साखळी दुकानातून घेतलं असतं तर ते कुठे पाठवलं असतं कोण जाणे. दोन-तीनशे डॉलर जास्त गेले तरी स्वतःचं वर्कशॉप असलेलं स्थानिक दुकान निवडा.

देखभाल जड नाही. इंजिनाचं तेल पहिल्यांदा ८ तासांनी, नंतर दर १०० तासांनी. पात्यांना वीस-पंचवीस तासांनी धार. गवताची टोकं फाटून पांढरट दिसायला लागली की समजायचं. पात्यांचा दुसरा संच घेऊन ठेवा. टायरची हवा दोन्ही बाजूंना सारखी हवी, नाहीतर कापणी तिरकी येते. पेट्रोल १० टक्के इथेनॉलचं चालतं, १५ टक्क्यांचं नाही. हिवाळ्यापूर्वी पेट्रोल खराब होऊ नये म्हणून टाकीत स्टॅबिलायझर टाकून इंजिन थोडा वेळ चालवावं. कानांवर इअरमफ दर वेळी, आवाज नव्वद डेसिबलच्या वर जातो.

शेजाऱ्यांकडे ४२ इंची बॅटरीचं मशीन आहे. दीड एकरासाठी उत्तम, आणि बोलता येईल इतकं शांत. आमच्या साडेतीन एकरांना, मेच्या दाट गवतात, पुरेल एवढ्या बॅटऱ्या घ्यायच्या तर किंमत फार वर जाते. दोन एकरांच्या आत असाल तर आधी तेच बघा.

आणि मुलांना मांडीवर घेऊन मोअर चालवू नका. आपल्याकडे ट्रॅक्टरवर, स्कूटरवर मुलांना पुढे घ्यायची सवय असते, आजोबांनाही हौस असते. पातं पायाखाली दोन हातांवर फिरत असतं. इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं, अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सनं, बसून चालवायच्या मोअरसाठी किमान वय १६ सांगितलंय, आणि लहान मुलांना त्यावर बसवून फिरवूच नये असंही. आमच्याकडे मशीन चालू झालं की मुलं घरात, आणि मोठं कुणीतरी त्यांच्याजवळ.

घ्यायला जाल तेव्हा फळी आणि फोनवर मोजलेला उताराचा आकडा, फाटकाची रुंदी आणि कापायचे खरे एकर कागदावर लिहून न्या. दुकानदार हे तीन आकडे विचारून मग मशीन दाखवत असेल तर तिथे थांबा. मशीन दुकानामागच्या उतारावर स्वतः चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.