झापोटेकांचा मका कुठे पाहावा: राजधानी, सांतो दोमिंगो, तामायो की मोन्ते अल्बान?

मेक्सिकोच्या सहलीत झापोटेकांची, म्हणजे दक्षिणेतल्या वाहाकाच्या खोऱ्यात प्राचीन काळापासून वसलेल्या लोकांची, मातीची मूर्तिपात्रे पाहायची ठरवली की चार ठिकाणांची नावे पुढे येतात. राजधानीतले राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालय, वाहाका शहरात सांतो दोमिंगो मठात असलेले संग्रहालय, त्याच शहरातला चित्रकार रुफिनो तामायो यांचा संग्रह आणि शहराबाहेरच्या डोंगरावरचे झापोटेकांचे प्राचीन नगर मोन्ते अल्बान. चारही पाहण्याइतका वेळ हाताशी असेल तर खुशाल चारही पाहा. पण बहुतेकांकडे एखादा दिवस असतो, फार तर दोन. अशा वेळी ‘सर्वांत देखणी पात्रे कुठे आहेत’ या प्रश्नावरून निवड करू नये, असे माझे मत. या पात्रांवर मक्याची कणसे दिसतात; ते मक्याचे प्रकरण समजून घ्यायचे असेल तर पात्र कुठून निघाले आणि त्याच्या शेजारी काय होते हे जिथे कळते, तिथे जावे. हे का म्हणते ते कळायला आधी पात्रांकडेच वळावे लागेल.

समोर काय असते

करड्या मातीचे, साधे, नळकांड्यासारखे उभे भांडे. त्याच्या पुढच्या अंगाला चिकटवलेली एक बसलेली व्यक्ती: मांडी घातलेली, हात गुडघ्यांवर, कानांत जाड चकत्या, छातीवर पदक आणि डोक्यावर चेहऱ्याच्या दुप्पट-तिप्पट उंचीचे शिरोभूषण. समोरून पाहिले तर मागचे भांडे दिसतच नाही, म्हणून कपाटाच्या कडेला जाऊन बाजूनेही एकदा पाहावे. जुन्या पुस्तकांत यांना सरसकट अस्थिकलश म्हटलेले आढळते, पण यांत अस्थी नसत. झापोटेक लोक मृतांना पुरत. एका घराण्याचे थडगे पिढ्यान्‌पिढ्या पुन्हा पुन्हा उघडले जाई. मूर्तिपात्रे त्या थडग्याच्या दारासमोर, दारावरच्या कोनाड्यात किंवा आत मांडलेली असत आणि बहुतेक रिकामीच सापडली आहेत. काही मंदिरांच्या व अंगणांच्या जमिनीखाली अर्पण म्हणूनही पुरलेली होती.

मोन्ते अल्बान वसले इ.स.पू. ५०० च्या सुमारास. ज्या भव्य पात्रांची छायाचित्रे आपण पाहतो, ती मुख्यतः इ.स. २०० ते ८०० या काळातली.

आता मका. मार्गदर्शक साधारणपणे दोन नावे सांगतात. पहिला कोसिहो, वीज आणि पावसाचा देव. याच्या तोंडावर मुखवट्यासारखा पुढे आलेला जबडा असतो, त्यातून दुभंगलेली, सापासारखी जीभ लोंबते, डोळ्यांभोवती जाड पट्ट्या असतात आणि शिरोभूषणात एक ठरावीक चिन्ह असते, ज्याला अभ्यासक ‘सी’ चिन्ह म्हणतात. दुसरा पिताओ कोसोबी, मक्याचा देव. याच्या शिरोभूषणावर किंवा छातीवर कणसे असतात. इथपर्यंत सगळे सोपे वाटते.

प्रत्यक्षात कपाटासमोर उभे राहिलात की गोंधळ सुरू होतो, कारण कणसे कोसिहोच्या अंगावरही असतात आणि ज्याला मक्याचा देव म्हणतात त्याच्या डोक्यावर कोसिहोचा चेहरा असतो. याचे उत्तर वाहाकाच्या हवामानात आहे. या खोऱ्यात वर्षाला साधारण ५०० ते ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही मे ते सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दरम्यान, आणि त्याचा भरवसा नाही. आपल्या माणदेशातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. अशा ठिकाणी पीक आणि पाऊस यांचे देव वेगवेगळ्या कप्प्यांत राहतील ही अपेक्षाच चुकीची. २६० दिवसांच्या झापोटेक पंचांगाचे ६५-६५ दिवसांचे चार भाग असत, आणि त्या प्रत्येक भागालाही कोसिहो हेच नाव होते. म्हणजे वेळेची मोजदादही विजेच्याच नावाने चाले.

दुसरी अडचण नावांची. पिताओ कोसोबी हे नाव आपल्याला मिळते ते फ्राय हुआन दे कोर्दोवा या धर्मोपदेशकाने १५७८ साली छापलेल्या झापोटेक शब्दकोशाच्या काळातून. पात्रे त्याच्या आठशे ते चौदाशे वर्षे आधीची. अल्फोन्सो कासो आणि इग्नासियो बेर्नाल या पुरातत्त्वज्ञांनी १९५२ साली या पात्रांची मोठी वर्गवारी केली. तिच्यात प्रत्येक चेहऱ्याला देवतेचे नाव आणि एक खण मिळाला आणि संग्रहालयांतल्या पाट्यांवर आजही तीच भाषा दिसते. पुढे पुरातत्त्वज्ञ जॉइस मार्कस यांनी वेगळी बाजू मांडली: ही माणसे आहेत, राजघराण्यांचे पूर्वज, विजेचा मुखवटा घातलेले. अनेक मूर्तींवर पंचांगातला दिवस, म्हणजे जन्मदिवसावरून पडलेले नाव कोरलेले असते, हा त्यांच्या बाजूचा भक्कम पुरावा. या पात्रांचे अभ्यासक अ‍ॅडम सेलेन यांनी देव आणि पूर्वज या दोन्ही वाचनांना एकत्र जागा दिली. मला हे तिसरे वाचन सर्वांत पटते. मेलेला पूर्वज विजेपाशी जातो आणि पाऊस पाठवतो, पावसाने मका येतो, आणि पूर्वजाच्या शिरोभूषणावर कणीस येते. ही साखळी धरली तर ‘हा देव की तो’ असा हट्ट उरत नाही.

आणखी एक गोष्ट मुद्दाम पाहण्यासारखी. काही पात्रांवरची कणसे हाताने घडवलेली नाहीत, खऱ्या कणसाचा साचा घेऊन ती मातीत उठवली आहेत. दाण्यांच्या ओळी, दाण्याचा आकार, कणसाची निमुळती टोके सगळे जसेच्या तसे. मक्याच्या अभ्यासक मेरी यूबँक्स यांनी हे ठसे मक्याच्या माहीत असलेल्या वाणांशी ताडून पाहिले. मेक्सिकोत मक्याचे सुमारे ६० स्थानिक वाण मानले जातात आणि त्यांतले निम्म्याहून अधिक एकट्या वाहाका राज्यात आहेत, त्यामुळे ही तुलना नुसती गंमत नाही. कुंभाराने कुठल्या शेतातले कणीस उचलले, इथपर्यंत विचार जातो. अर्थात पात्र खरे असेल तर.

बनावट पात्रांचा त्रास

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेतल्या संग्राहकांना या पात्रांचे वेड लागले आणि वाहाकात मागणीप्रमाणे माल तयार होऊ लागला. कारागीर उत्तम होते, माती तीच होती, अस्सल तुकडे नव्या पात्राला जोडण्याची युक्तीही त्यांना ठाऊक होती. १९७० च्या दशकात तापदीप्ती चाचणी आली. मातीतले स्फटिक शेवटचे भाजल्यापासून किरणोत्सर्गाची ऊर्जा साठवत राहतात आणि पुन्हा तापवले की ती प्रकाशाच्या रूपात सोडतात. त्यावरून भाजणीचा काळ कळतो. या चाचण्यांत नामांकित संग्रहालयांतली बरीच पात्रे शंभरएक वर्षांचीही नाहीत असे निघाले. टोरोंटोच्या रॉयल ओंटारिओ संग्रहालयाने वाहाकात राहणाऱ्या कॉन्स्टंटाइन रिकर्ड्स यांचा संग्रह विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घेतला होता, त्यातही नकली पात्रे निघाली. या संग्रहालयाने ते दडवले नाही, उलट एका बनावट पात्राची कहाणी सविस्तर सांगितली. हे मला आवडले.

म्हणूनच कुठल्याही कपाटासमोर पहिली नजर पाटीवरच्या ‘प्रोसेदेन्सिया’ या स्पॅनिश शब्दाकडे टाकावी. पुढे थडग्याचा क्रमांक किंवा गावाचे नाव असेल तर निश्चिंतपणे अर्थ लावावा. ‘देस्कोनोसिदा’, म्हणजे अज्ञात, असे असेल तर मूर्तीचे कौतुक करावे, पण तिच्यावर मक्याचा सिद्धांत उभा करू नये.

चार जागा, शेजारी ठेवून

राजधानीतले मानववंशशास्त्र संग्रहालय १९६४ चे, चापुल्तेपेक उद्यानातले, पेद्रो रामिरेस वास्केस यांनी रचलेले. त्याच्या तळमजल्यावर वाहाकाचे दालन आहे आणि तिथे थडगे क्र. १०४ ची प्रतिकृती आहे. या लेखाच्या विषयासाठी ती प्रतिकृती अमूल्य आहे. मूळ थडगे कासो यांच्या मोहिमेत १९३० च्या दशकात मोन्ते अल्बानला सापडले. दारावरच्या कोनाड्यात एक बसलेली मूर्ती आहे. परंपरेने तिला पिताओ कोसोबी म्हणतात आणि तिच्या डोक्यावर कोसिहोचे शिरोभूषण आहे. आत भिंतींवर रंगीत चित्रे, कोनाडे, खाली मृत माणूस. वर सांगितलेला सगळा वाद एका दारापाशी उभे राहून पाहता येतो. मूर्तिपात्र ही सुटी कलावस्तू नव्हती, ती दाराशी बसलेली कोणीतरी होती, हे इथे पटते. अडचण एवढीच की लोक आस्तेकांच्या दालनात सूर्यशिळेसमोर दमतात आणि वाहाकाच्या दालनात पोहोचेपर्यंत पाय बोलायला लागलेले असतात. माझा सल्ला, आधी वाहाका, मग बाकीचे. सोमवारी संग्रहालय बंद असते.

सांतो दोमिंगोचे वाहाका संस्कृती संग्रहालय जुन्या मठाच्या खोल्यांत आहे, आजच्या रूपात १९९८ पासून. गर्दी होते ती थडगे क्र. ७ च्या सोन्यासाठी. १९३२ साली कासो यांना सापडलेला तो खजिना मिश्तेकांचा, म्हणजे झापोटेकांच्या शेजारच्या लोकांचा आहे. झापोटेकांनी बांधलेले थडगे त्यांनी पुढे वापरले. सोने जरूर पाहा, पण मक्याच्या शोधात असाल तर त्याच्या आधीच्या दालनांत जास्त वेळ द्या. मांडणी कालक्रमाने आहे, त्यामुळे सुरुवातीची साधी पात्रे आणि नंतरची शिरोभूषणांनी लगडलेली पात्रे यांतला फरक चालता चालता कळतो. इथलाच क्विलापानचा ‘लेखक’ चुकवू नका. मांडी घालून बसलेला साधा तरुण, डोक्यावर आणि छातीवर पंचांगातले दिवस कोरलेले. मुखवटा नाही, जीभ नाही. पूर्वजांचे वाचन मांडणाऱ्यांना हा चेहरा का आवडत असेल ते पाहताक्षणी समजते. मजकूर प्रामुख्याने स्पॅनिशमध्ये आहे, भाषांतराचे अ‍ॅप फोनमध्ये ठेवावे. याच मठाच्या आवारात वाहाकाच्या वनस्पतींचे उद्यान आहे, तिथे मार्गदर्शकाबरोबरच सोडतात. वेळ जुळला तर घ्यावे.

तामायो संग्रहाची गोष्ट निराळी. चित्रकाराने आयुष्यभर जमवलेली हजारेक पात्रे आणि मूर्ती आपल्या जन्मगावाला दिल्या आणि १९७४ साली एका जुन्या वाड्यात त्या मांडल्या. भिंती गडद रंगांच्या, उजेड मोजका, प्रत्येक वस्तू शिल्प म्हणून ठेवलेली. डोळ्यांना चारही जागांपैकी इथेच सर्वांत जास्त मिळते. एका खोलीत बसून एकाच चेहऱ्याकडे पाहत राहावे असे वाटते, शिवाय दोन तासांत सगळे आटोपते. पण तामायो यांनी वस्तू निवडल्या त्या रूपासाठी, आणि खरेदी केलेल्या संग्रहात सापडण्याची जागा सहसा हरवलेली असते. मक्याचा अर्थ शोधायला येणाऱ्याने इथे शेवटी यावे. चित्र काढणाऱ्याने, मातीकाम करणाऱ्याने मात्र इथेच आधी यावे.

मोन्ते अल्बानला उत्तम पात्रे फारशी उरलेली नाहीत, ती वरच्या संग्रहालयांत गेली. तिथल्या छोट्या संग्रहालयात कोरीव शिळा महत्त्वाच्या, आणि थडगी सहसा पर्यटकांसाठी बंद असतात. तरीही मी या जागेवर काट मारणार नाही. शहरापासून आठ-नऊ किलोमीटरवर, खोऱ्याच्या तळापासून सुमारे ४०० मीटर उंचीवर सपाट केलेला डोंगरमाथा आहे. खाली तिन्ही बाजूंना खोऱ्याच्या शाखा दिसतात, शेते दिसतात, आणि पावसाळ्यात दुपारनंतर ढग कुठल्या डोंगरावरून येतात तेही दिसते. कोसिहो ही कोणाची गरज होती, ते इथे कळते. बाहेर ‘जमिनीत सापडलेली’ पात्रे विकणारे भेटतील. ती नवी असतात. आणि चुकून जुनी असलीच, तर १९७२ च्या कायद्याने ती देशाबाहेर नेणे गुन्हा आहे. आठवण हवी असेल तर जवळच्या अत्सोम्पा गावातल्या कुंभारांकडून नवे म्हणूनच नवे भांडे घ्यावे.

वाहाकाच्या पूर्वेला मित्लाजवळ गिला नाकित्स ही गुहा आहे. तिथे मिळालेली मक्याची कणसे सुमारे ६,२५० वर्षांपूर्वीची आहेत. कणसे अगदी बारकी, ओळखूही न येणारी. गुहांचा हा परिसर २०१० पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, मोन्ते अल्बान १९८७ पासून. पात्रांसाठी तिकडे जाण्याची गरज नाही, पण पात्रावरचे कणीस घडले तेव्हा या खोऱ्याला मका साडेचार-पाच हजार वर्षे ओळखीचा होता, एवढे मनात असू द्यावे.

मग कोणी कुठे जावे

फक्त राजधानीत थांबणार असाल तर खंत करू नका. थडगे १०४ च्या दारासमोर अर्धा तास दिलात तर विषयाचा गाभा हाती लागतो. वाहाकात एक दिवस असेल तर सकाळी मोन्ते अल्बान, ऊन चढण्याआधी; दुपारी सांतो दोमिंगो. हा क्रम उलटा करू नये, कारण खोरे पाहिल्यावर पात्रांवरची चिन्हे जास्त बोलतात. दोन दिवस असतील तर तामायो दुसऱ्या दिवशी. तामायो आणि सांतो दोमिंगो यांतले एकच शक्य असेल तर सांतो दोमिंगो, आणि यात मला शंका नाही. राजधानीतून वाहाकाला विमानाने तासाभरात आणि बसने सहा-सात तासांत पोहोचता येते, त्यामुळे एका रात्रीचा मुक्काम सहज बसतो.

न्यू यॉर्क-न्यू जर्सीकडच्या मराठी वाचकांना मेक्सिकोला न जाताही सुरुवात करता येईल. मॅनहॅटनच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत पुरातत्त्वज्ञ मार्शल सॅव्हिल यांनी १८९० च्या दशकाच्या अखेरीस वाहाकाजवळच्या होहोकोत्लान येथील थडग्यांतून खोदून काढलेली पात्रे आहेत. ती बाजारातून आलेली नाहीत, जागेवरून निघालेली आहेत, आणि वर सांगितलेली कसोटी लावली तर हाच त्यांचा मोठेपणा. टोरोंटोत असाल तर तिथल्या पात्रांसमोर अस्सल-नकलीचा प्रश्न मनात ठेवूनच उभे राहा आणि कपाटाच्या बाजूला जाऊन मागचे भांडेही पाहा.