सॅम्पल खरं, माल खोटा: काचेच्या चॉपिंग बोर्डात मी अशी फसले

सांगलीत राहत्या घरातल्या एका खोलीत मी कॉफीचे मग, टी-शर्ट, कीचेन छापून देते. टँकवाला प्रिंटर, तापवून दाबणारा एक सपाट हीट प्रेस आणि मगांसाठी तसाच एक गोल प्रेस, एवढंच माझं भांडवल. गेल्या संक्रांतीला एका घाऊक विक्रेत्याने मला फसवलं. तोच माणूस घरून छपाई करणाऱ्या इतर बायकांनाही फोन करतोय असं कळलं, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

डिसेंबरात ओळखीच्या एका काकूंनी हळदीकुंकवाच्या वाणासाठी 75 काचेचे चॉपिंग बोर्ड सांगितले. प्रत्येकावर त्या त्या बाईचं नाव आणि खाली हलव्याच्या दागिन्यांचं चित्र. दर 380 रुपये. काचेवर मी आधी कधी छापलं नव्हतं. ऑनलाइन शोधताना हा विक्रेता सापडला. त्याने तीन सॅम्पल कुरिअरने फुकट पाठवले. मी ते छापले, रात्रभर गरम साबणाच्या पाण्यात ठेवले, हिरव्या स्क्रबरने घासले. कणभरही रंग गेला नाही. मग मी 185 रुपयांनी 120 नग मागवले. 22,200 रुपये झाले. निम्मे आगाऊ दिले, निम्मे बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा, फोटो आल्यावर. क्यूआर कोडवर फर्मचं नाव नव्हतं, एका माणसाचं होतं. “ताई, करंट अकाउंटला लिमिट आलीय,” म्हणाला. मी पाठवून दिले.

इथे थोडं कामातलं सांगते, नाहीतर फसवणूक नेमकी कुठे झाली ते कळणार नाही. शाळेत आपण संप्लवन शिकलो, कापूर वितळून पाणी न होता थेट उडतो ते. मी वापरते ती सब्लिमेशनची, म्हणजे संप्लवनाची, शाई तशीच. 200 अंशांच्या आसपास ती वायू होते आणि वस्तूवर पॉलिमरचा थर असेल तर त्याच्या आत शिरून बसते. कोऱ्या काचेत तिला शिरायला जागाच नाही. म्हणून बोर्डाच्या पाठीवर उष्णता सोसणारं कोटिंग लागतं. छपाई पाठीवर होते, चित्र काचेतून वर दिसतं आणि भाजी वरच्या बाजूला चिरायची. शिवाय काच टफन्ड हवी, म्हणजे 600 अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन गार केलेली.

माल आला आणि पहिल्याच दिवशी प्रेसमध्ये चार बोर्ड तडकले. पुढे एकूण नऊ गेले. लांब, वाकडी चीर, या कडेपासून त्या कडेपर्यंत. फोन केला तर म्हणाला, “ताई, तुमचं प्रेशर जास्त आहे. कमी करा, आणि काढल्यावर टॉवेलवर गार होऊ द्या.” टफन्ड काचेला अशी एकच चीर पडत नाही, ती फुटली की सगळीच दाणे दाणे होऊन सांडते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तारीख जवळ आली होती. मी प्रेशर कमी केलं आणि 75 पूर्ण केले. दिसायला सुंदर झाले होते.

काकूंनी वाण लुटलं. आठव्या दिवशी त्या एक बोर्ड घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्यांनी अंगठ्याच्या नखाने पाठीचा कोपरा उचलला आणि दुधावरची साय निघावी तसा अख्खा पापुद्रा निघाला. त्यावर ‘सुनंदा’मधला ‘नंदा’ उलटा दिसत होता. भांडी घासताना दोनदा पाणी लागलं होतं, एवढंच. कोटिंगच्या नावाखाली साधं लॅकर मारलेलं होतं.

दोन दिवसांनी दुसऱ्या एका घरातून फोन आला. गॅसवरून उतरवलेली कढई बोर्डावर ठेवली आणि काच फुटली. मी जाऊन पाहिलं. वर्तमानपत्रात गोळा केलेले तुकडे होते, सुरीच्या पात्यासारखे लांब आणि टोकदार. त्या घरात दीड वर्षाचं मूल आहे. पैशांपेक्षा त्या तुकड्यांनी माझी झोप उडवली. त्याच संध्याकाळी प्रत्येक घरी निरोप दिला की बोर्ड वापरू नका. काकूंना 28,500 रुपये परत केले.

विक्रेत्याने आधी “माल चेक करूनच पाठवलाय” म्हटलं, मग नंबर ब्लॉक केला. तेव्हा मी बिल नीट वाचलं. गोडाऊन भिवंडीत आहे असं तो सांगायचा, पण जीएसटी नंबर 07 ने सुरू होत होता. 07 म्हणजे दिल्ली, महाराष्ट्राचा 27. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करताही नंबर टाकून पाहता येतो. टाकला, तर नोंदणी रद्द झालेली. दोन मिनिटांचं काम होतं, आणि मी ते पैसे देण्याआधी केलं नाही.

आता मी काय करते ते सांगते. सॅम्पलवर विश्वास ठेवत नाही, आलेल्या प्रत्येक खोक्यातला मधला एक नग काढते. कोटिंगवर ब्लेडने बारीक चौकटी मारते, सेलोटेप दाबून झटक्यात ओढते. थर टेपबरोबर आला तर माल परत. एक नग छापून रात्रभर गरम साबणाच्या पाण्यात ठेवते. काचेसाठी लॅपटॉपची स्क्रीन पांढरी करून बोर्ड तिच्यासमोर धरते आणि पोलराइज्ड गॉगल डोळ्यांवर लावून तिरका-सरळ करत पाहते. टफन्ड काचेत ताणाचे पट्टे, डाग दिसतात. शंका राहिली तर एक नग जाड पोत्यात गुंडाळून, डोळ्यांना चष्मा लावून फोडते. एक नग गेला तरी चालतो. खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढते. पैसे फर्मच्याच खात्यात, आणि शेवटचा हप्ता तपासणीनंतर. याला तयार नसणाऱ्या दोघांना मी नाही म्हटलंय.

“धंद्यासाठी घेतलेला माल, मग तुम्ही ग्राहक कशा?” असं मलाही ऐकवलं गेलं. पण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू धंद्यासाठीच्या खरेदीत धरत नाहीत. आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली, मग जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला. पाच लाखांपर्यंतच्या मालाला तिथे फी नाही. बिल, बिल्टी, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट, तडकलेले नऊ बोर्ड आणि कढईखाली फुटलेल्या बोर्डाचे तुकडे मी जपून ठेवलेत. उरलेले 36 कोरे बोर्ड माळ्यावर आहेत, खोक्यावर लाल मार्करने ‘वापरू नये’ लिहून. कुणी ते अर्ध्या किमतीत मागितले, तरी देणार नाही.