चार मुलं, चार इयत्ता आणि भिंतीवरची एक शिडी : दहा महिन्यांनंतर

आधी घरातली परिस्थिती सांगते. थोरली सातवीची, मधला चौथीचा, धाकटी दुसरीची आणि जाऊबाईंचा पोरगा पहिलीचा. जाऊबाई बेळगावला नोकरीला जातात, त्यामुळं तो दिवसभर आमच्याकडंच असतो. घर खानापूरहून जांबोटीकडं जाताना रस्त्यापासून आत, शेतात. गेल्या मेपर्यंत माझी तिघं शहरातल्या एका शाळेत बसनं जायची. सकाळी सातला बाहेर, संध्याकाळी पाचला घरी. जुलैतला इकडचा पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला पुढचं सांगायला नको. दप्तरं चुलीजवळ वाळत घालायची आणि पोरं तापानं पडायची. शेवटी जूनमध्ये ठरवलं की एक वर्ष घरीच शिकवून बघायचं.

पहिला महिना निव्वळ फजिती. मी सुंदर वेळापत्रक केलं होतं, चार रंगांत. नऊ ते दहा गणित, म्हणजे चौघांचं चार प्रकारचं गणित एकाच वेळी. थोरलीला समीकरण सांगायला बसावं तर मधला ओरडायचा, "आई, हे येत नाही की मला!" त्याच्याकडं वळावं तोवर धाकटी पेन्सिल टोकत बसलेली आणि पहिलीवाला मांजरामागं बाहेर. दहा वाजेपर्यंत घसा बसायचा, स्वयंपाक राहायचा तो वेगळाच.

वाट दाखवली ती शेजारच्या आक्कांनी. आक्का कन्नड शाळेतून निवृत्त झाल्या आहेत. एक दिवस ओट्यावर बसून त्यांनी माझा तमाशा बघितला आणि म्हणाल्या, "चार वर्ग कशाला चालवतेस गं? एकच चालव. पोरं आपापल्या पायरीवर बसतील की." मग त्यांनी 'नली-कली' ही शिकवायची पद्धत समजावली. कर्नाटकातल्या सरकारी शाळांत काम केलेल्यांना हे नवीन नाही, मला मात्र नुसतं नाव माहीत होतं. १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात हे सुरू झालं, मूळ कल्पना आंध्रातल्या ऋषी व्हॅली या शाळेची. पहिली ते तिसरीची मुलं एकाच खोलीत बसतात. भिंतीवर प्रत्येक विषयाची शिडी असते, प्रत्येक पायरीला एक चित्र आणि त्या चित्राची कार्डं. मूल आपली पायरी बघतं, आपलं कार्ड उचलतं आणि त्या कार्डासाठी ठरलेल्या गटात जाऊन बसतं. गट पाच. पहिल्यात शिक्षकाची पूर्ण मदत, दुसऱ्यात थोडी, तिसऱ्यात मित्राची पूर्ण, चौथ्यात मित्राची थोडी, पाचव्यात एकट्यानं. गटाला 'तट्टे' म्हणतात, म्हणजे आपलं ताट.

मी अक्षरशः ताटंच घेतली. स्टीलची पाच जुनी ताटं, खाली पाठ्यपुस्तकातली पानं आणि वर कार्डं. कार्डांसाठी जुन्या लग्नपत्रिका कापल्या, मागची बाजू कोरी आणि कागद जाड. पहिल्यांदा साध्या कागदाची केली होती, ती जुलैच्या दमटपणात पंधरा दिवसांत बुरशीनं गेली. शाळेत मुलांचं काम दोऱ्यांवर टांगतात, त्याला 'कलिका चप्पर' म्हणतात. आम्ही वाशांना सुतळी बांधली, पण पावसाळ्यात तिथं मुलांच्या चित्रांपेक्षा चड्ड्याच जास्त वाळल्या.

यातून फरक काय पडला? माझी गरज एका वेळी एकालाच लागू लागली. बाकीच्यांच्या हातात असं काम असतं ज्यात मी नसले तरी चालतं. आधी मी चार विषय चार जणांना वाटत होते, आता स्वतःला वाटते. पहिल्या ताटावर एकानंच बसायचं, हा आमचा एकमेव कडक नियम. तो मोडला की घर पुन्हा जूनमधल्यासारखं होतं.

सगळ्यात मोठा फायदा झाला धाकटीला, तोही मी न ठरवलेल्या ठिकाणी. तिला संख्या ऐकून लिहिता येत नव्हत्या. बेचाळीस म्हटलं की २४ लिहायची आणि एकोणतीस म्हटलं की ३९. तिची चूक तरी काय? बेचाळीसमध्ये दोन आधी ऐकू येतात, चाळीस नंतर. एकोणतीसमध्ये तर 'तीस' ऐकायचं आणि २ लिहायचा. आक्का तिला कन्नड शिकवायला आल्या आणि आकड्यांपासून सुरुवात केली. इप्पत्तोंबत्तु म्हणजे वीस नऊ. नलवत्तेरडु म्हणजे चाळीस दोन. जसं म्हणायचं तसंच लिहायचं. दीड महिन्यात ती कन्नडमध्ये शंभरपर्यंत बिनचूक लिहायला लागली, मग त्याच आकड्यांची मराठी नावं शिकली, आणि बेचाळीसचा घोळ संपला. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' आणलं तेव्हा महाराष्ट्रात केवढी थट्टा झाली. मीही हसले होते. आता हसत नाही. दशक-एककासाठी खानापूरच्या मातीचे मणी वळले. ही माती कौलांची आणि मडक्यांची, त्यामुळं मणी चुलीतही फुटले नाहीत.

मधल्याच्या अपूर्णांकांना सासऱ्यांची दिडकी, म्हणजे दीडचा पाढा, उपयोगी पडली. दीड एके दीड, दीड दुणे तीन. ते रोज संध्याकाळी गोठ्यात म्हणवून घेतात. मला ती येत नाही, त्यामुळं मधला माझ्याकडं जरा दयेनं बघतो.

आता दोष. ही शिडी तिसरीपर्यंतच्या मुलांसाठी आहे. मधल्यासाठी मी ती ओढूनताणून पुढं वाढवली, पण थोरलीसाठी नाहीच चालली. उलट ती फुकटची शिक्षिका झाली. तिसऱ्या आणि चौथ्या ताटावर 'मित्र' म्हणून सतत तीच. मला बरं वाटत होतं, पाहुण्यांना कौतुकानं सांगतही होते. ऑक्टोबरमध्ये तिची वही उघडली तर बीजगणिताची तीन आठवडे पानंच कोरी. विचारलं तर म्हणाली, "मला वेळच कुठं देतेस तू?" त्या रात्री झोप लागली नाही. तेव्हापासून सकाळी साडेसहा ते साडेसात हा तास फक्त तिचा, बाकीची उठायच्या आत. धाकट्यांना ती दिवसाला अर्धाच तास शिकवते, तेही स्वतःचं काम झाल्यावर.

चौघांना एकत्र बसवायला एकच विषय पुरला : मलप्रभा. नदी उगम पावते कणकुंबीला, आमच्या डोक्यावरच. पहिलीवाल्यानं होळे (नदी) हा कन्नड शब्द शिकला आणि निळी रेघ ओढली. धाकटीनं नदीत भेटणाऱ्या प्राण्यांची नावं लिहिली. मधल्यानं काठची ठिकाणं नकाशावर लावली : खानापूर, सौंदत्तीजवळचं नविलुतीर्थ धरण, पट्टदकल, ऐहोळे आणि शेवटी कुडलसंगम, जिथं ती कृष्णेला मिळते. म्हादई नदीचं पाणी मलप्रभेत वळवण्यावरून वाद आहे, म्हणून थोरलीनं म्हादई पाणीवाटपाचा २०१८ चा निवाडा वाचायचं ठरवलं. तो तिला झेपला नाही, मलाही नाही, पण पाणलोट म्हणजे काय ते पक्कं झालं. तीन आठवडे चालला हा उद्योग. असं दर महिन्याला जमेल असं वाटलं होतं, वर्षात दोनदाच जमलं.

पुस्तकं दोन्हीकडची वापरली. क्रम कर्नाटकाच्या मराठी माध्यमाच्या पुस्तकांचा, आणि वाचायला बालभारतीची, जी त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. खानापुरात काळीपांढरी झेरॉक्स काढून आणली. सरकारच्या 'दीक्षा' ॲपचे व्हिडिओही तिथंच उतरवून घ्यायचे, कारण आमच्याकडं रेंज म्हणजे गच्चीच्या एका कोपऱ्यात उभं राहणं. व्हिडिओ चांगले आहेत, पण एकासाठी लावला की चौघं जमतात आणि ताटं ओस पडतात. म्हणून फक्त संध्याकाळी.

कागदपत्रांचं सगळेच विचारतात. घरी शिकवायला आपल्याकडं स्पष्ट परवानगीही नाही आणि स्पष्ट बंदीही नाही. शिक्षण हक्क कायद्यात वयानुसार वर्गात प्रवेशाची तरतूद आहे, त्यामुळं परतीचं दार उघडं असतं. शाळेत जायचंच नसेल तर एनआयओएस, म्हणजे केंद्राचं मुक्त विद्यालय. त्यांचे अ, ब, क स्तर म्हणजे साधारण तिसरी, पाचवी, आठवी. दहावीला १४ वर्षं पूर्ण हवीत, विषय पाच, आणि पाच वर्षांत नऊ संधी. एक गोष्ट मात्र सोडू नका : कन्नड. २०१५ च्या कायद्यानं कर्नाटकातल्या शाळांत ती सक्तीची आहे, परत जाणारं मूल तिथंच अडकतं. सीमाप्रश्न आपल्या जागी, पण बसमध्ये, बाजारात आणि तहसील कचेरीत पोरांना ती लागतेच. आमच्या घरात ती आक्कांमुळं आली. त्या नसत्या तर मी हे वर्ष काढलंच नसतं.

खर्च फार नाही. झेरॉक्स, वह्या आणि फळ्याचा रंग. माझी झोप मात्र हिशेबात धरलेली नाही.

जूनपासून थोरली खानापूरला आठवीत जाणार आहे. तिला प्रयोगशाळा हवी आहे आणि मैत्रिणी हव्या आहेत, आणि दोन्ही मी देऊ शकत नाही. बाकी तिघं अजून एक वर्ष घरीच. मधल्यानं परवाच विचारलं, "आई, सकाळी साडेसहाचा तास मग आता माझा की?"