इंकस्केपमध्ये पीडीएफ दुरुस्ती : काही महिने वापरल्यावर

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत आमचं छोटं डीटीपीचं दुकान आहे. निम्म्या गिऱ्हाइकांकडं मूळ फाइल नसतेच, व्हॉट्सअॅपवर आलेली पीडीएफ तेवढी असते. तालमीच्या फुटबॉल स्पर्धेचं पोस्टर, लग्नपत्रिका, उद्यमनगरातल्या वर्कशॉपचं लेटरहेड, काहीही. "गेल्या वर्षीचंच हाय, फक्त तारीख आणि पावण्यांची नावं बदला." असल्या कामांसाठी गेले काही महिने इंकस्केप हे चित्रं-डिझाइन करायचं सॉफ्टवेअर वापरतोय. फुकट आहे आणि लिनक्स-विंडोज दोन्हींवर चालतं. एका पानावरचा किरकोळ बदल असेल तर झकास. मराठी मजकुराचा अख्खा परिच्छेद हलवायचा असेल तर मात्र डोक्याला ताप.

खरी मेख फाइल उघडतानाच असते. समोर येणाऱ्या चौकटीत दोन वाटा असतात. एक पॉपलरवाली, म्हणजे पीडीएफ वाचणाऱ्या पॉपलर नावाच्या वेगळ्या सॉफ्टवेअरची. ती घेतली तर पान दिसतं तसंच्या तसं येतं, पण अक्षरं अक्षरं राहत नाहीत, नुसते आकार होतात. दुसरी इंकस्केपची स्वतःची. तिच्यात मजकूर मजकूर म्हणून येतो. इंग्रजीला ते चालतं, मराठीची पार वाट लागते. कारण पीडीएफमध्ये शब्द नसतात, कुठलं चिन्ह पानावर कुठं बसवायचं एवढीच नोंद असते. पहिली वेलांटी व्यंजनाच्या डावीकडं छापली जाते, म्हणून 'निमंत्रण' उघडलं की वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते आणि जोडाक्षरं फुटतात. पत्रिका जुन्या, युनिकोड (सगळीकडं चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टात केलेली असेल आणि तो फॉन्ट आपल्या मशीनवर नसेल, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा भेळभत्ता. इंकस्केपच्या १.३ आवृत्तीपासून कुठला फॉन्ट आहे, कुठला नाही याची यादी आधीच दिसते, हे बरं झालं.

म्हणून मराठी काम मी डोळे झाकून पॉपलरनं उघडतो. कंट्रोल-शिफ्ट-जी दाबत ग्रुप सोडवत जायचं, जुनी तारीख निवडून उडवायची आणि तिथं युनिकोड फॉन्टात नवी टाइप करायची. फॉन्ट तंतोतंत जुळत नाही, पण तारखेपुरतं कुणी बघत नाही. सेव्ह करताना मजकूर पाथमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांत बदलायची खूण करायची, म्हणजे पुढं कुणाच्याही मशीनवर अक्षर हलत नाही.

मला सगळ्यात आवडलेली सोय म्हणजे आउटलाइन दृश्य. रंग गायब होतात, फक्त रेषा उरतात आणि आधीच्या कारागिरानं काय काय झाकलंय ते उघडं पडतं. एका पोस्टरात पांढऱ्या चौकटीखाली आदल्या वर्षीच्या बक्षिसाची रक्कम जशीच्या तशी होती, तिच्याखाली त्याच्याही आधीची! पांढरा चौकोन ठेवला म्हणजे मजकूर गेला असं समजणाऱ्यांनी हे एकदा बघावंच.

छपाईला देणार असाल तर रंगाकडं लक्ष ठेवा. मी वापरतोय त्या १.४ मध्ये पीडीएफ आरजीबीतच, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांतच निघते, छपाईच्या चार शाईंत नाही. फ्लेक्सला फारसं बिघडत नाही. ऑफसेटला मात्र साधा काळा मजकूर चार शाईंत विभागला जातो आणि प्लेट जराशी सरकली की बारीक अक्षरांना रंगीत कडा दिसतात. त्यामुळं पत्रिकेचं काम मी शेवटी स्क्रायबस या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये नेतो, काळा फक्त काळ्या शाईत करतो आणि तिथूनच पीडीएफ काढतो. तेही फुकटच आहे, पण हात बसायला वेळ लागतो.

स्कॅन केलेल्या पीडीएफचा इथं काही उपयोग नाही, तो नुसता फोटो असतो. आणि अधूनमधून कुणीतरी डिजिटल सहीचा सातबारा घेऊन येतं, "नावात एक काना सुटलाय, तेवढा टाका" म्हणून. अशांना मी सरळ तलाठ्याकडं पाठवतो. फाइल इंकस्केपमधून सेव्ह केली की ती नव्यानं लिहिली जाते, सही जाते आणि उरतो तो बनावट कागद. पानं जोडणं, तोडणं, मागंपुढं करणं एवढंच असेल तर इंकस्केप उघडूच नका, त्याला पीडीएफ अरेंजर पुरतं.