रायझन ७ ५७००एक्स३डी: जुन्या एएम४ बोर्डावर बसवावा की नाही?

एएम४ बोर्ड (एएमडीच्या जुन्या सॉकेटचा मदरबोर्ड), डीडीआर४ रॅम आणि रायझन ५ २६०० किंवा ३६०० प्रोसेसर असलेला गेमिंग पीसी धापा टाकायला लागला की दोन वाटा दिसतात. बोर्ड, प्रोसेसर, रॅम असं तिन्ही बदलून एएम५ या नव्या सॉकेटवर जायचं, किंवा आहे त्याच बोर्डावर ५७००एक्स३डी हा एएमडीचा प्रोसेसर बसवायचा आणि बाकी कशालाही हात लावायचा नाही. दुसरी वाट पुष्कळांना पुरते. पण हा प्रोसेसर सगळीकडे वेगवान नाही. एका विशिष्ट कामात तो फार चांगला आहे आणि ते काम तुमच्या गेममध्ये असेल तरच पैसे वसूल होतात.

आधी आकडे. ८ कोर, १६ थ्रेड, झेन ३ रचना, क्लॉक (वेग) बेस ३.० आणि बूस्ट ४.१ गिगाहर्ट्झ, एल३ कॅश ९६ मेगाबाइट, टीडीपी (कूलरने किती उष्णता काढायची याचा आकडा) १०५ वॅट. जानेवारी २०२४ मध्ये तो बाजारात आला. त्याचा थोरला भाऊ ५८००एक्स३डी एप्रिल २०२२ चा. रचना आणि कॅश तीच, फक्त क्लॉक ३.४ आणि ४.५. दोघांतही ग्राफिक्स चिप नाही, म्हणजे वेगळ्या ग्राफिक्स कार्डाशिवाय पडद्यावर काहीच दिसणार नाही.

या यादीतला कामाचा आकडा ९६ हा आहे. साध्या ५७००एक्स किंवा ५८००एक्स मध्ये एल३ कॅश ३२ मेगाबाइट असते. इथे तिच्यावर ६४ मेगाबाइटचा आणखी एक थर चढवला आहे. रॅम म्हणजे माळा आणि कॅश म्हणजे हाताशी असलेलं कपाट. माळ्यावरचं काही हवं असलं की दर वेळी शिडी लावावी लागते आणि तेवढा वेळ प्रोसेसर नुसता उभा राहतो. कपाट तिप्पट मोठं झालं की शिडी कमी वेळा लागते. ज्या गेमना हजारो लहान लहान गोष्टींचा हिशेब सतत ठेवावा लागतो, तिथे हा फरक डोळ्यांना दिसतो: मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर, फॅक्टोरिओ, स्टेलारिस, असेटो कोर्सा काँपेटिझिओने, गर्दीच्या शहरात उभं असताना वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट. सेकंदाला मिळणाऱ्या सरासरी फ्रेम वाढतातच, पण खरा फायदा '१ टक्का लो' या आकड्यात, म्हणजे सर्वांत वाईट क्षणांच्या फ्रेममध्ये आहे. मध्येच बसणारे हिसके कमी होतात.

उलट बाजूही आहे. व्हिडिओ रेंडर करणं, ब्लेंडर, कोड कंपाइल करणं ही कामं क्लॉकवर चालतात. तिथे ४.६ पर्यंत जाणारा साधा ५७००एक्स याच्या पुढे राहतो. दिवसभर रेंडरिंग आणि रात्री तासभर गेम असा वापर असेल तर मोठ्या कॅशचा मोह सोडा आणि १२ कोरचा ५९००एक्स बघा.

विकत घेण्याआधी दहा मिनिटांची एक चाचणी करा. नेहमीचा गेम नेहमीच्या सेटिंगवर लावा, व्ही-सिंक (फ्रेम पडद्याच्या गतीशी बांधणारं सेटिंग) आणि फ्रेमची मर्यादा बंद करा, आणि जिथे गेम अडखळतो त्याच जागी उभे राहून फ्रेम मोजा. मग फक्त रिझोल्यूशन खाली आणा, १४४०पी वरून १०८०पी किंवा ७२०पी. फ्रेम जवळपास तेवढ्याच राहिल्या तर अडथळा प्रोसेसरचा आहे आणि ५७००एक्स३डी उपयोगी पडेल. फ्रेम भराभर वाढल्या तर ग्राफिक्स कार्ड दमलंय, पैसे तिकडे घाला. ४के वर खेळणाऱ्या बहुतेकांना दुसरंच उत्तर मिळेल. टास्क मॅनेजरमधला प्रोसेसरचा एकूण टक्का पाहून मात्र निष्कर्ष काढू नका. १२ थ्रेडपैकी दोन थ्रेड पूर्ण भरलेले असले तरी तिथे २० टक्क्यांच्या आसपासच दिसतं आणि माणूस समजतो की प्रोसेसर मोकळा आहे. ग्राफिक्स कार्डाचा वापर पाहा. मर्यादा काढल्यावरही तो सतत ९५ च्या बराच खाली असेल तर कार्ड प्रोसेसरची वाट पाहतंय.

५८००एक्स३डी की ५७००एक्स३डी? क्लॉकमध्ये साधारण दहा टक्क्यांचा फरक आहे, गेममध्ये तो बहुतेकदा त्याहून कमी उरतो. किमती जवळपास सारख्या असतील तरच थोरला घ्या. धाकटा कमी तापतो, आणि जुन्या मध्यम बोर्डावर ही मोठी सोय आहे. दुसरीकडे, सध्या ५६००एक्स किंवा ५८००एक्स असेल आणि ग्राफिक्स कार्ड मध्यम असेल, तर दोन्हींपैकी काहीच घेऊ नका.

आता बोर्ड. बहुतेक घोळ इथेच होतात.

बोर्डाच्या संकेतस्थळावर प्रोसेसरची यादी असते. तिथे ५७००एक्स३डी समोर जी बायॉस (पीसी सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) आवृत्ती लिहिली आहे, ती किंवा तिच्या नंतरची टाका, आणि तीही जुना प्रोसेसर बसलेला असतानाच. नवा बसवून मग बायॉसचं बघू म्हणाल तर पडदा काळाच राहील. अपवाद फक्त मागच्या बाजूला फ्लॅशबॅकचं (प्रोसेसरशिवाय बायॉस टाकण्याचं) बटण असलेल्या बोर्डांचा: एफएटी३२ केलेला पेनड्राइव्ह, त्यात बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या नावाने ठेवलेली फाइल, आणि ठरलेल्याच यूएसबी जागेत तो खोचायचा. एजीसा (बायॉसमधला एएमडीचा मूळ भाग) १.२.०.७ च्या मागे राहू नका. एफटीपीएममुळे (प्रोसेसरमधली, सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) गेम आणि आवाज क्षणभर अडकण्याचा जुना त्रास त्या आवृत्तीत दुरुस्त झाला. बी३५० आणि एक्स३७० सारख्या पहिल्या पिढीच्या अनेक बोर्डांनाही झेन ३ चं बायॉस मिळालं आहे, पण त्यांतल्या काहींची बायॉस चिप १६ मेगाबाइटचीच असल्याने नवी आवृत्ती टाकताना काही जुन्या प्रोसेसरचा आधार काढून टाकला जातो. जुना प्रोसेसर परत बसवून चालवू, हा बेत अशा बोर्डावर फसू शकतो. डाउनलोडच्या पानावरची बारीक अक्षरं वाचा.

बायॉस बदलण्यापूर्वी विंडोजमध्ये डिस्क कुलूपबंद ठेवणारं बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' चालू आहे का ते पाहा. चालू असेल तर ते तात्पुरतं थांबवा आणि रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. नवा प्रोसेसर लागला की पहिल्याच वेळी एफटीपीएम नव्याने तयार करू का, वाय की एन, असं विचारलं जातं. वाय दाबलं आणि ४८ आकडी की हाताशी नसली, तर डिस्कवरचा सगळा डेटा कुलूपबंद होतो. पिन टाकून लॉगिन करत असाल तर तीही पुन्हा बसवावी लागेल. विंडोज नव्याने टाकायची मात्र गरज नाही, बोर्ड तोच आहे.

बायॉस टाकल्यावर सगळी सेटिंग मूळपदावर जातात, आणि 'नवा प्रोसेसर लावला पण फरकच पडला नाही' या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथे सापडतं. एक्सएमपी (रॅम तिच्यावर लिहिलेल्या वेगाने चालवणारं सेटिंग) बंद होतं आणि ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर चालू लागते. पंख्यांची आखणी जाते. सिक्युअर बूट (फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारं सेटिंग) बंद होतं, मग विंडोज ११ वर व्हॅलोरंट उघडत नाही. रीसायझेबल बारही (प्रोसेसरला ग्राफिक्स कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) बंद होतो. तो पुन्हा चालू करताना सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट होऊ देणारं सेटिंग) बंद करावं लागतं, आणि विंडोजची डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर पीसी बूटच होत नाही. घाबरू नका, सीएसएम परत चालू केलं की विंडोज येतं. मग बॅकअप घेऊन विंडोजसोबतच येणाऱ्या एमबीआर२जीपीटी या साधनाने डिस्क नव्या जीपीटी पद्धतीची करा आणि त्यानंतर सीएसएम बंद करा.

जुना प्रोसेसर काढताना घाई नको. एएम४ मध्ये १३३१ पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात आणि सॉकेटची पकड तेवढी घट्ट नसते. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधल्या वाळलेल्या थर्मल पेस्टने कूलर चिकटलेला असेल आणि तो सरळ वर ओढला, तर लिव्हर बंद असतानाही प्रोसेसर त्याच्यासोबत उपटून येतो. पाच-दहा मिनिटं गेम चालवून पेस्ट कोमट करा, पीसी बंद करून वीज काढा, कूलरचे स्क्रू किंवा क्लिप सोडवा, तो डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सुटा करा आणि मगच उचला. नवा प्रोसेसर बसवताना कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवा. तो स्वतःच्या वजनाने खाली बसला पाहिजे. दाबावा लागत असेल तर काहीतरी वाकडं आहे. एखादी पिन वाकलीच तर लीड काढलेल्या बारीक टोकाच्या पेन्सिलने ती हळूहळू सरळ होते, पण दोन-तीनदा मागेपुढे केली की तुटते.

डब्यात कूलर येत नाही. जुन्या रायझनसोबत आलेला छोटा व्रेथ स्टेल्थ यावर लावू नका. ५७००एक्स३डी ला चार हीटपाइप आणि १२० मिलिमीटरचा एक पंखा असलेला साधा टॉवर कूलर पुरतो. ५८००एक्स३डी साठी दोन टॉवरचा घ्या, मात्र असे कूलर १५५ ते १६० मिलिमीटर उंच असतात, तेव्हा आधी कॅबिनेटची रुंदी आणि रॅमवरच्या पत्र्याची उंची मोजा. मोठ्या कूलरखालीही हे प्रोसेसर पटकन तापतात, कारण कोर आणि वरचं धातूचं झाकण यांच्यामध्ये सिलिकॉनचा जादा थर आहे आणि उष्णता त्यातून वाट काढते. कमाल तापमान ९० अंश आहे. गेममध्ये ७० ते ८० दिसलं तर काळजी नको. सतत ९० ला टेकत असेल तर पेस्ट किंवा कूलरचा दाब तपासा. चिपलेट (कोर असलेला सिलिकॉनचा तुकडा) झाकणाच्या बरोबर मध्ये नसतं, त्यामुळे मध्यभागी पेस्टचा एकच वाटाण्याएवढा ठिपका ठेवण्यापेक्षा ती झाकणभर पातळ पसरवणं चांगलं.

गुणक (क्लॉक ठरवणारा आकडा) कुलूपबंद आहे, नेहमीच्या पद्धतीचं ओव्हरक्लॉकिंग विसरा. काही बोर्डांच्या बायॉसमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर (कोरचं व्होल्टेज कमी करणारं सेटिंग) मिळतो. तो सगळ्या कोरना उणे १५ पासून सुरू करून उणे ३० पर्यंत नेता येतो आणि तापमान काही अंशांनी उतरतं. हे सेटिंग अस्थिर असेल तर पूर्ण भारावर चूक सापडेलच असं नाही. पीसी नुसता बसलेला असताना किंवा ब्राउझर उघडताना तो अचानक रीस्टार्ट होतो आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया-लॉगर या हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या घटकाची नोंद दिसते. तसं झालं तर पाच पायऱ्या मागे या.

रॅमवर इथे फार खर्च करू नका. कॅश मोठी असल्याने महाग, वेगवान रॅमचा फायदा या प्रोसेसरवर कमी होतो. ३२०० सीएल१६ (सीएल म्हणजे रॅमच्या प्रतिसादातला विलंब) पुरेशी, ३६०० असेल तर उत्तम. वेगापेक्षा १६ वरून ३२ गिगाबाइटवर जाणं जास्त जाणवतं. दोन कांड्या असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवा. जुन्या जोडीत वेगळ्या जातीची नवी जोडी घातली आणि चार कांड्यांवर ३६०० धरत नसेल तर ३२०० वर उतरवा, फ्रेममध्ये फारसं काही हरवत नाही.

पुढे ग्राफिक्स कार्डही बदलणार असाल तर एक अडचण लक्षात असू द्या. बी३५०, बी४५०, एक्स४७० हे बोर्ड पीसीआयई (ग्राफिक्स कार्डाची जोडणी) ३.० वर चालतात. प्रोसेसर ४.० चा असला तरी बोर्ड आडवा येतो. आरटीएक्स ४०६० किंवा आरएक्स ७६०० सारखी कार्डं त्या जोडणीतल्या आठच लेन (डेटाच्या वाटा) वापरतात, म्हणजे ३.० वर त्यांचा रस्ता निम्म्याने अरुंद होतो. ८ गिगाबाइटची मेमरी भरेपर्यंत ते कळत नाही, भरली की हिसके सुरू होतात. अशा बोर्डावर सोळा लेनचं किंवा जास्त मेमरीचं कार्ड घ्या. पॉवर सप्लायबद्दल एवढंच: नवा सप्लाय दुसऱ्या मॉडेलचा असेल तर जुन्या मॉड्युलर (काढता-घालता येणाऱ्या) वायरी त्याला लावू नका. टोकं जुळतात, आतली जोडणी जुळेलच असं नाही, आणि डिस्क जळतात.

नवा पीसी शून्यापासून बांधणाऱ्याने या प्रोसेसरच्या वाटेला जाऊ नये. एएम५ वर ७८००एक्स३डी आहे, आणि ९८००एक्स३डी मध्ये तर कॅशचा थर कोरच्या खाली नेल्याने उष्णतेचं दुखणंही बरंच मिटलं आहे. जुन्या बोर्डासाठी वापरलेला ५७००एक्स३डी घेत असाल, तर आधी पिनांच्या रांगा तिरप्या उजेडात चारही बाजूंनी पाहा. मग चालत्या पीसीवर टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये एल३ कॅशचा आकडा वाचा. तिथे ९६.० ऐवजी ३२.० दिसलं तर झाकणावर काहीही कोरलेलं असो, आतला प्रोसेसर दुसरा आहे.