स्क्रॅचमध्ये स्वतःचा ब्लॉक घालायचा आहे: स्मॉलटॉक, स्नॅप की स्क्रॅच ३?

स्क्रॅच या, ब्लॉक जोडून प्रोग्रॅम बनवण्याच्या साधनात खेळ आणि गोष्टी रचण्याचा हात बसला, की काहींना पुढचा प्रश्न पडतो: हे ब्लॉक मुळात कुठे आणि कसे लिहिलेले आहेत, आणि त्यांच्या रांगेत आपला एखादा ब्लॉक बसवता येईल का? अशा व्यक्तीसमोर आज प्रामुख्याने तीन वाटा आहेत. स्क्रॅच १.४ या जुन्या आवृत्तीचा सोर्स कोड स्मॉलटॉक भाषेत उघडून बदलणे ही पहिली, तिच्याच वंशातल्या स्नॅप या साधनाचा जावास्क्रिप्ट कोड बदलणे ही दुसरी, आणि आजच्या स्क्रॅच ३ मध्ये हात घालणे ही तिसरी. २०१३ मधली २.० ही आवृत्ती येथे विचारात घेतलेली नाही. ती फ्लॅशच्या ॲक्शनस्क्रिप्ट भाषेत लिहिलेली होती, आणि २०२० च्या अखेरीस फ्लॅशचा आधारच काढून घेतला गेल्यावर तिच्यावर नव्याने कष्ट घेण्यात अर्थ उरलेला नाही.

पहिल्या वाटेबद्दल मी जास्त विस्ताराने लिहिणार आहे, कारण ती सर्वांत कमी ओळखीची आहे आणि शिकण्याच्या दृष्टीने, माझ्या मते, सर्वांत समृद्ध आहे.

एमआयटी मीडिया लॅबमधल्या गटाने २००७ मध्ये स्क्रॅच सर्वांसाठी खुले केले, तेव्हा ते स्क्वीक या स्मॉलटॉकच्या एका रूपात लिहिलेले होते, आणि २००९ ची १.४ आवृत्तीही तशीच होती. स्क्वीकचा जन्म १९९६ मध्ये ॲपलमध्ये, ॲलन के आणि डॅन इंगल्स यांच्या गटात झाला. त्या गटातले जॉन मॅलोनी पुढे स्क्रॅचचे प्रमुख प्रोग्रामर झाले, आणि पडद्यावरची प्रत्येक वस्तू हा एक स्वतंत्र, हात लावता येणारा ऑब्जेक्ट असतो ही मॉर्फिकची कल्पना त्यांच्याबरोबर स्क्रॅचमध्ये आली. स्क्रॅचमधला ब्लॉक उचलून दुसऱ्याला चिकटवताना आपण जे अनुभवतो, त्याच्या मुळाशी मॉर्फिक आहे.

स्क्वीकमध्ये प्रोग्रॅम फायलींत विखुरलेला नसतो. सगळे क्लास (वस्तूंचे साचे), सगळ्या मेथड (त्या वस्तूंची कामे सांगणारे कोडचे तुकडे), उघड्या असलेल्या खिडक्या आणि मंचावर उभा असलेला स्प्राइट, म्हणजे हलते पात्रसुद्धा, हे सारे इमेज नावाच्या एकाच फायलीत जिवंत अवस्थेत साठवलेले असते. स्क्रॅच १.४ ही अशीच एक इमेज आहे. लोगोमधल्या ‘आर’ या अक्षराच्या पोकळीवर शिफ्ट दाबून क्लिक केले, की एक छोटा मेनू उघडतो. त्यातून पूर्ण पडदा व्यापणे बंद केले, की स्क्रॅचच्या मागे दडलेले स्क्वीकचे मोकळे आवार दिसू लागते. त्या आवारात क्लिक करून सिस्टिम ब्राउझर उघडावा. वरच्या चार रकान्यांत क्लासचे गट, क्लास, मेथडचे गट आणि मेथड, तर खाली कोड, अशी त्याची मांडणी असते, आणि स्क्रॅचचा स्मॉलटॉकमध्ये लिहिलेला सगळा कोड तिथे वाचता येतो.

समजा, ‘इतकी पावले मागे जा’ असा ब्लॉक हवा आहे. स्प्राइटचा क्लास शोधून त्याच्या क्लास बाजूला, म्हणजे खुद्द क्लासच्या मेथडमध्ये, ब्लॉकची यादी देणारी मेथड उघडायची. तिथे प्रत्येक ब्लॉकसाठी एक छोटी नोंद असते: ब्लॉकवर दिसणारा मजकूर, तो साधी आज्ञा आहे की उत्तर परत देणारा आहे हे सांगणारे एक चिन्ह, कोणती मेथड चालवायची तिचे नाव, आणि वाटल्यास सुरुवातीची किंमत. मजकुरात टक्केचिन्हानंतर जे अक्षर येते त्यावरून त्या जागी आकड्याची चौकट येणार, अक्षरांची येणार, रंगाची येणार की मेनू येणार, हे ठरते. नोंद घातली, की दुसऱ्या बाजूला, म्हणजे प्रत्यक्ष स्प्राइटच्या मेथडमध्ये, एकाच ओळीची मेथड लिहायची: पुढे जाण्याची जी मेथड आधीच आहे, तिलाच आकडा उणे करून पाठवायचा. अल्ट आणि एस दाबून कोड स्वीकारला, डाव्या बाजूचा विभाग बदलून परत आले, की ब्लॉक हजर. मधे कुठेही प्रोग्रॅम बंद केलेला नाही, अख्खा कोड पुन्हा बांधून घेतलेला नाही, पान पुन्हा उघडलेले नाही. मंचावर चाललेली स्क्रिप्ट चालतच राहिलेली आहे.

भाषेचे व्याकरण छोटे आहे. राखीव शब्द अवघे सहा, आणि बाकी सगळे म्हणजे ऑब्जेक्टना पाठवलेले मेसेज, म्हणजे काम करण्याच्या विनंत्या. ‘जर’ आणि ‘जोवर’ हेसुद्धा भाषेत कोरलेले नियम नसून मेसेजच आहेत, हे पहिल्यांदा ध्यानात येते तेव्हा आधी शिकलेल्या बऱ्याच गोष्टींकडे नव्याने पाहावेसे वाटते. अडखळण्याची ठिकाणेही ठरलेली आहेत. गणिती चिन्हे डावीकडून उजवीकडे सरळ सोडवली जातात, त्यामुळे तीन अधिक चार गुणिले दोन याचे उत्तर अकरा न येता चौदा येते. जुन्या कोडमध्ये किंमत देण्यासाठी डावीकडचा बाण दिसतो, जो प्रत्यक्षात अधोरेषेचे चिन्ह असतो आणि दुसऱ्या संपादकात तसाच दिसतो. मेथडच्या नावातले विसर्गासारखे दिसणारे दोन ठिपके हे नावाचाच भाग असतात. ते गाळले, की ‘हा मेसेज मला समजत नाही’ अशी तक्रार करणारी खिडकी उघडते.

ती खिडकी मात्र घाबरण्याची नव्हे. तिच्यातून डिबगर हे चूक शोधण्याचे साधन उघडते; ते चूक जिथे घडली त्या क्षणी कोणता ऑब्जेक्ट कोणत्या स्थितीत होता ते दाखवते, आणि तिथल्या तिथे मेथड दुरुस्त करून थांबलेले काम पुढे चालू करू देते. एखादी मेथड कुठून कुठून बोलावली जाते आणि त्याच नावाच्या मेथड आणखी कोणत्या क्लासमध्ये आहेत, हेही एका क्लिकवर कळते. परका कोड वाचायला शिकण्याचा याहून चांगला वर्ग मला माहीत नाही.

आता या वाटेची किंमत. आधार म्हणून वापरलेला स्क्वीक खूप जुना आहे, त्यामुळे आजच्या स्क्वीकसाठी किंवा त्यातून फुटलेल्या फारोसाठी लिहिलेले मार्गदर्शन जसेच्या तसे लागू पडत नाही. नव्या मॅकवर जुने ३२ बिटचे प्रोग्रॅम चालतच नाहीत, तेव्हा यंत्र कोणते आहे हे आधी पाहावे. इमेज ही एकसंध फाइल असल्याने गिटसारख्या, बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाला तिच्यातले बदल ओळीओळीने दिसत नाहीत. बदललेल्या मेथड वेगळ्या फायलीत काढून ठेवण्याची सवय पहिल्याच दिवशी लावून घ्यावी, आणि इमेजची मूळ प्रत बाजूला ठेवल्याशिवाय काहीही सेव्ह करू नये, कारण चित्र काढणाऱ्या एखाद्या मेथडमधली चूक अख्ख्या पडद्याला अडकवू शकते. शिवाय बदललेली आवृत्ती लोकांना द्यायची असेल, तर तिला स्क्रॅच हे नाव किंवा मांजराचे बोधचित्र वापरता येत नाही. या वाटेने एकेकाळी बरेच काही घडले, आर्दुइनो या छोट्या सर्किट बोर्डासाठीचे एसफोरए त्यातलेच. पण आज नव्या वापरकर्त्याला ते उतरवून घ्यायला सांगणे अवघड आहे.

स्नॅपची वाट याच वाटेतून फुटलेली आहे. येन्स मोनिग यांनी स्क्रॅचच्या स्मॉलटॉक कोडमध्ये बदल करून बीवायओबी हे साधन तयार केले, बर्कली विद्यापीठाचे ब्रायन हार्वी त्यात सामील झाले, आणि पुढे ते संपूर्ण जावास्क्रिप्टमध्ये नव्याने लिहून स्नॅप झाले. त्यासाठी मोनिग यांनी मॉर्फिकची रचनाही जावास्क्रिप्टमध्ये पुन्हा उभी केली. त्यामुळे जो स्क्वीकमधून येतो त्याला स्नॅपचा कोड उघडताच घर ओळखीचे वाटते: ब्लॉकची तीच यादी, मजकुरात तीच टक्केचिन्हे, पुढे जाण्याच्या मेथडला तेच नाव. कोड बांधणीची पायरी लागत नाही. फाइल बदलायची आणि वेब ब्राउझरमध्ये पान पुन्हा उघडायचे. डिबगर वेब ब्राउझरचा, म्हणजे चांगलाच, परंतु चालत्या वस्तूला हात लावण्याची ती जवळीक इथे कमी होते. परवाना एजीपीएल ३ आहे, म्हणून बदललेले स्नॅप संकेतस्थळावर चालवायचे झाल्यास आपला कोडही खुला करावा लागतो. एक गोष्ट सुरुवातीलाच तपासावी: उत्तर परत देणारे आणि नियंत्रणाचे ब्लॉकसुद्धा स्नॅपच्या आतच, सोर्स कोडला हात न लावता, बनवता येतात. अनेकांची गरज तेवढ्यावरच भागते.

स्क्रॅच ३ हे २०१९ च्या जानेवारीत आले. त्याचा कोड अनेक भागांत विभागलेला आहे: ब्लॉकचा भाग गूगलच्या ब्लॉकली या ब्लॉक-संपादकावर आधारलेला, खिडक्या आणि बटणे रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत, प्रोग्रॅम चालवणारे यंत्र वेगळे, चित्र रंगवणारा भाग वेगळा. नवा ब्लॉक घालण्याची अधिकृत पद्धत म्हणजे एक्स्टेंशन, म्हणजे जोडता येणारा ब्लॉकचा संच, लिहिणे, आणि ती पद्धत नीटनेटकी आहे. ब्लॉकची माहिती देणारी एक मेथड आणि काम करणारी दुसरी, एवढे पुरते. पण त्याआधी नोड हे जावास्क्रिप्ट चालवणारे साधन बसवणे, पॅकेजे उतरवून घेणे, भाग एकमेकांना जोडणे यात नवख्याचे पहिले काही दिवस जाऊ शकतात, आणि त्या दिवसांत तो ब्लॉकबद्दल काहीच शिकत नाही. ज्याला पुढे वेब प्रोग्रॅमिंग करायचेच आहे, त्याला हे कष्ट कामी येतील. ज्याला मुलांच्या हाती लगेच वापरता येणारे काही द्यायचे आहे, किंवा एखादे यंत्र जोडायचे आहे, त्याने इकडेच यावे; नवे एक्स्टेंशन स्मॉलटॉकमध्ये लिहून त्याला काही साधणार नाही.

परंतु हे साधन आतून कसे चालते हे कळावे, हाच हेतू असेल, तर मी पहिला महिना स्क्रॅच १.४ आणि स्क्वीकला देण्यास सांगेन. पहिल्या आठवड्यात नवे काही न लिहिता फक्त ‘पुढे जा’ या एका ब्लॉकचा माग काढावा: क्लिक केल्यापासून स्प्राइटची जागा बदलेपर्यंत कोणता मेसेज कोणाकडे गेला, हे प्रत्येक मेथड उघडून वाचावे. दुसऱ्या आठवड्यात वर सांगितलेला मागे जाण्याचा ब्लॉक, त्यानंतर उत्तर देणारा एखादा ब्लॉक, आणि शेवटी, जमल्यास, पोटात इतर ब्लॉक सामावणारा एक, कारण वेळेची वाटणी आणि थांबून पुन्हा सुरू होण्याची गुंतागुंत तिथेच भेटते. महिना संपला, की हेच ब्लॉक स्नॅपमध्ये लिहून पाहावेत. मागे जाण्याच्या ब्लॉकसाठी तिथे ब्लॉकची नोंद, एक छोटी मेथड आणि पॅलेटच्या, म्हणजे ब्लॉक मांडलेल्या फलकाच्या, यादीत एक ओळ एवढेच घालावे लागते.