सिंगापूरची एमआरटी, आईसकट पाच जण

पहिले दोन दिवस टॅक्सीत उगाच पैसे घातले, तिसऱ्या दिवशी लिटल इंडियाहून एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, धरली, डाउनटाउन लाइनने गार्डन्स बाय द बे या बागेजवळच्या बेफ्रंट स्टेशनला डायरेक्ट, गाडी बदलायची भानगड नाही. कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड गेटवर टेकवायचं बास, पण प्रत्येकाला वेगळं लागतं हं, एका कार्डावर सगळे घुसायला गेलो आणि गेटवरच अडकलो. धाकटी 90 सेंमीच्या आतली म्हणून फुकट.

आईने सवयीने चिवड्याचा डबा काढला, झाकण उघडणार तेवढ्यात पाटी दिसली, खाल्लं तर 500 डॉलरपर्यंत दंड! डबा परत पिशवीत, मग गार्डन्स बाय द बेचा पावणेआठचा फुकट लाइट शो बघत संपवला. स्टेशनात चालणं मात्र भरपूर, गुडघेवाल्यांनी आधी लिफ्ट शोधा.